हिवाळ्यातली मौन प्रार्थना: शब्द आटले तर ती प्रार्थना राहते का?

धुऱ्यावरचा (ता. वरूड) | ५ डिसेंबर

सर्वांना सलाम.

आमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती मंडळीत आहे. आजोबा मिशनच्या बंगल्यावर माळीकाम करीत असत आणि तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या घरात प्रार्थना म्हणजे मोठ्याने, शब्दांत, एकेकाचे नाव घेऊन केलेली विनवणी. आई पहाटे चूल पेटवण्याआधी डोक्यावर पदर घेऊन बसायची आणि गावातल्या आजारी माणसांपासून आमच्या बैलांपर्यंत सगळ्यांना देवापुढे मांडायची. मीही तसाच शिकलो. यंदा पोळ्याच्या आठवड्यात आई गेली आणि त्यानंतर माझे शब्द हळूहळू आटत गेले. विश्वास उडाला असे नाही. गुडघे टेकले की पूर्वी जे आपोआप तोंडी येत असे, ते येईनासे झाले, एवढेच.

सध्या हरभऱ्यासाठी रात्रीची लाइन (वीज) आहे. बारा-साडेबाराला मोटार सुरू करतो. स्प्रिंकलरचे पाइप एका जागी लावले की पुढचे तीन तास हातांना काम नसते. शेजारीच संत्र्याची बाग आहे. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, तिचे पाणी नुकतेच तोडले आहे. दोन्हींच्या मधल्या धुऱ्यावर (बांधावर) पऱ्हाटीची शेकोटी करून मी बसतो. नोझल फिरत जाते, पाणी पानांवर पडल्याचा आवाज दूर जातो आणि पुन्हा जवळ येतो. त्या वेळी मी काही मागत नाही, काही सांगतही नाही. फक्त ‘प्रभू’ एवढे म्हणतो आणि थांबतो. कधी अर्धा तास जातो, कधी जाळ विझल्यावरच भान येते. त्या बसण्यात मला जे मिळते त्याला ‘शांती’ म्हणावे की नुसता थकवा, हे मला ठरवता येत नाही.

हे विचारण्याचे कारण असे की मागच्या बुधवारी घरगुती प्रार्थनासभेत मला प्रार्थना चालवण्यास सांगितले गेले, मी डोळे मिटले आणि एकही शब्द आला नाही. दोन-तीन मिनिटे सगळे थांबले, मग कोणीतरी गाणे सुरू केले. नंतर एका ज्येष्ठ बंधूंनी मला बाजूला घेऊन सांगितले की तुमचे आत्मिक जीवन थंड पडत चालले आहे. ते मनाला लागले. रात्री धुऱ्यावर मी जे करतो ती प्रार्थना आहे का? आणि असेल, तर ती नीट कशी करावी?

---

निवृत्त शिक्षिका (यवतमाळ) | ५ डिसेंबर

दादा, प्रथम तुमच्या आईंबद्दल मनापासून दुःख व्यक्त करते.

बायबलमधल्या स्तोत्र ४६ चे १० वे वचन आपण सगळे लहानपणापासून पाठ म्हणतो: शांत राहा आणि मी देव आहे हे जाणा. तिथे ‘शांत राहा’ असे ज्याचे भाषांतर झाले आहे, तो मूळ हिब्रू शब्द ‘रफा’ या धातूपासून आलेला आहे आणि त्या धातूचा अर्थ सैल सोडणे, हात खाली घेणे असा आहे. शिवाय हे स्तोत्र काही निवांत माणसाचे नाही. त्यात डोंगर समुद्रात कोसळत आहेत, राष्ट्रे खवळली आहेत, धनुष्ये मोडली जात आहेत आणि त्या सगळ्याच्या मध्यभागी देव म्हणतो की मुठी सोडा. ज्याने आयुष्यभर घट्ट धरून ठेवले त्यालाच सोडणे म्हणजे काय ते कळते. तुमच्या तोंडचे शब्द गेले, तेही कदाचित असेच हातातून सुटले असतील.

दुसरे, १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय पुन्हा वाचा. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देव त्याला उपदेश करीत नाही; आधी झोपू देतो, भाकर व पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. मग होरेब डोंगर, मग वारा, भूकंप, अग्नी, आणि या तिन्हींत परमेश्वर नाही. त्यांच्यानंतर जे येते त्याला आपण ‘शांत, मंद वाणी’ म्हणतो. मुळातले शब्द ‘बारीक शांततेचा आवाज’ या अर्थाच्या अधिक जवळ आहेत. तो ऐकल्यावर एलीयाने झग्याने तोंड झाकून घेतले. पहिली प्रतिक्रिया शब्दांची नव्हती.

---

वचनावर उभा (बुलढाणा) | ६ डिसेंबर

बंधू, तुमच्या दुःखात सहभागी आहे. तरीही जे वाटते ते प्रीतीने सांगणे माझे कर्तव्य आहे.

आजकाल ध्यान, मौन, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे अशा गोष्टी मंडळीत शिरत आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते. प्रभूने मत्तयाच्या शुभवर्तमानात ६:७ मध्ये निरर्थक बडबडीविरुद्ध स्पष्ट सांगितले आहे. मत्तय १२ मध्ये झाडून-सजवून रिकाम्या ठेवलेल्या घराचा दाखला आहे. तिथे सात अधिक दुष्ट आत्मे येऊन राहतात. मन रिकामे करणे ही आपल्या शास्त्राची शिकवण नाही. प्रभूने शिष्यांना प्रार्थना शिकवली ती शब्दांत शिकवली. शब्द येत नसतील तर स्तोत्रसंहिता उघडा आणि दाविदाचे शब्द आपले करून म्हणा. शब्द सोडून देणे हा उपाय नव्हे.

---

रात्रपाळी (अचलपूर) | ६ डिसेंबर

मी परिचारिका आहे. बावीस वर्षांत निम्म्याहून अधिक रात्री जागून काढल्या आहेत, म्हणून रात्रीच्या प्रार्थनेबद्दल बोलण्याचे धाडस करते.

पहाटे तीनच्या सुमारास वॉर्ड सर्वांत शांत असतो. सलाइनचे थेंब पडतात, कोणीतरी कण्हते, बाहेर नातेवाईक चादरी ओढून झोपलेले असतात. त्या वेळी लांब प्रार्थना करण्याइतके डोके चालत नाही. एका सिस्टरांनी मला नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात एक वाक्य दिले, ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवपुत्रा, मज पाप्यावर दया कर’. श्वास आत घेताना पहिला अर्धा भाग, सोडताना दुसरा. नाडी मोजून झाली की मी मनगट लगेच सोडत नाही. तेवढे एक वाक्य मनात म्हणते आणि मगच पुढच्या खाटेकडे जाते. पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये ही प्रार्थना कित्येक शतकांपासून चालत आली आहे आणि ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरचे मठवासी आजही ती करतात. तिचे मूळ लूक १८ मधल्या त्या जकातदाराच्या हाकेत आहे, जो दूर उभा राहिला आणि ज्याने डोळेसुद्धा वर केले नाहीत.

‘वचनावर उभा’ दादा, तुमची काळजी मी हलकी मानत नाही. पण गेथशेमाने बागेत प्रभूने तिसऱ्या वेळी पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असे मत्तय २६:४४ सांगते. आंधळा बार्तीमय लोक दटावीत असतानाही तीच हाक अधिकच मोठ्याने मारत राहिला. पुनरावृत्ती वेगळी आणि निरर्थक बडबड वेगळी. देवाला शब्दांच्या संख्येने वळवता येते असे समजणे, हे प्रभूने नाकारले.

धुऱ्यावरचे दादा, एक व्यवहाराची सूचना. थंडी वाढली म्हणून बंद खोपटीत शेगडी किंवा निखारे घेऊन बसू नका. त्या धुरात वास न येणारा विषारी वायू असतो आणि झोप लागली तर माणूस उठत नाही. उघड्यावर बसा, कान झाका, घोंगडी पाठीवरून घ्या. देवापुढे बसण्यासाठी कुडकुडण्याची अट नाही.

---

ढोलकीवाला (दारव्हा) | ७ डिसेंबर

मला या चर्चेचा सूरच पटत नाही, क्षमा करा. डिसेंबर हा आपल्या मंडळीचा गाण्याचा महिना आहे. आम्ही पहिल्या शनिवारपासून रोज रात्री कॅरल घेऊन निघतो. ढोलकी, पेटी, झांजा, दोन कंदील आणि वीस-पंचवीस माणसे. ज्या वस्तीत वर्षभर कोणी पाहुणा येत नाही, तिथली म्हातारी माणसे दारात खुर्ची टाकून बारा वाजेपर्यंत आमची वाट पाहतात. तीही प्रार्थनाच आहे, आणि मंडळीची आहे. ज्याचा शब्द आटला त्याने एकटे बसू नये, दहा जणांच्या आवाजात आपला आवाज मिसळावा. माझे वडील गेले त्या वर्षी मला याच गाण्यांनी उचलून धरले.

---

पाळकीणबाई (जि. वाशिम) | ८ डिसेंबर

‘ढोलकीवाला’ भाऊ, तुमचे म्हणणे खरे आहे आणि तरी ते पुरेसे नाही. लूक २ मधली १९ वी आणि २० वी वचने शेजारी शेजारी ठेवून पाहा. मेंढपाळ देवाचा गौरव व स्तुती करीत परत गेले. मरीयेने मात्र या सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचे मनन केले. एकाच गोठ्यातून, एकाच रात्री, दोन प्रकारची माणसे दोन प्रकारे वळली आणि लूकने दोघांनाही जागा दिली. आमच्या घरी कॅरलची मंडळी येऊन गेल्यावर, चहाचे पेले धुऊन झाल्यावर, अंगणात जी शांतता उतरते ती त्या गाण्यांमुळेच इतकी खोल असते. गाणे झालेच नसते तर ती तशी उतरली नसती.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ‘नीट कशी करावी’ असे दादांनी विचारले आहे. प्रभूने मत्तय ६:६ मध्ये सांगितले की आपल्या खोलीत जा, दार लावून घे. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा मला या वचनाचा त्रास होत असे, कारण दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, मुले आणि येणारी-जाणारी मंडळी यांच्यामध्ये मी कोणत्या खोलीत जाऊ? पुढे माझ्या पतींनी सांगितले की तिथला ग्रीक शब्द ‘तामेइयोन’ हा कोठीच्या खोलीसाठी वापरला जातो. धान्य, तेल, सामान ठेवण्याची आतली, अंधारी जागा. ते ऐकून मला एकदम धीर आला. कोठी तर माझ्याही घरात होती.

हिवाळ्यात आमच्या त्या खोलीत कापूस भरलेला असतो. भाव चढेपर्यंत तो तिथेच राहतो, अगदी आढ्यापर्यंत. ज्यांनी अशा खोलीत कधी पाऊल ठेवले असेल त्यांना ठाऊक असेल की तिथे आवाज मरतो. दार ओढून घेतले की बाहेरचे भांडे, रेडिओ, कोंबडे, सगळे दूर जाते आणि आपला स्वतःचा श्वासही आपल्याला निराळा ऐकू येतो. सरकीचा थोडा तेलकट वास येतो, अंगाला बारीक खाज सुटते, अंधारात ढिगाचा पांढरेपणा तेवढा दिसतो. मी पाटावर बसते, पदर कपाळापर्यंत ओढते आणि एक वचन घेते. तेच हळू म्हणते, मग त्यातला एक शब्द ठेवते, मग तोही ठेवत नाही. मन पळाले की रागावत नाही, शब्द पुन्हा उचलते. वीस मिनिटे. त्याहून अधिक मला जमत नाही आणि जमले पाहिजे असेही वाटत नाही. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांची आई सुझाना हिच्याबद्दल सांगतात की मुलांनी भरलेल्या घरात तिला एकांत मिळत नसे, म्हणून ती अंगावरचा एप्रन डोक्यावर ओढून बसत असे आणि मुले समजत की आता आईला हाक मारायची नाही. आमच्याकडे तर त्यासाठी पदर आहेच. धुऱ्यावरचे दादा, तुमच्या आईंनाही ते माहीत होते.

---

धुऱ्यावरचा | ८ डिसेंबर

पाळकीणबाई, तुमचे शेवटचे वाक्य वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. आईची विनवणी संपल्यावर ती लगेच उठत नसे, हे आज आठवले. पदर तसाच असे आणि चूल थंड असे. आम्हाला वाटायचे की तिला डुलकी लागली.

---

आगमनकाळ (जि. अमरावती) | ९ डिसेंबर

मी कॅथलिक धर्मगुरू आहे. आमच्या उपासनेच्या वर्षात नाताळापूर्वीचे चार रविवार हे वाट पाहण्याचे असतात, आणि हा धागा नेमका त्याच दिवसांत वाचनात आला याचा आनंद वाटतो.

प्रथम ‘वचनावर उभा’ यांच्याविषयी. त्यांनी उपस्थित केलेली शंका आमच्याकडेही विचारली गेली आहे. १५ ऑक्टोबर १९८९ रोजी रोमहून ख्रिस्ती ध्यानाविषयी धर्माध्यक्षांना एक पत्र पाठवण्यात आले. त्याचा आशय असा की इतर परंपरांमधल्या पद्धतींतून उपयुक्त ते घेता येते. मात्र प्रार्थना ही देव आणि मनुष्य यांच्यातली भेट आहे, ती स्वतःच्याच आत गुरफटण्याचे तंत्र होऊ नये. मला ही कसोटी योग्य वाटते. मन रिकामे करणे हा उद्देश नाही. कोणाची तरी वाट पाहताना माणूस आपोआप गप्प होतो, तसे गप्प होणे आहे. घर रिकामे नाही, यजमान दारात उभा आहे.

आता धुऱ्यावरच्या दादांचा प्रश्न. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये क्रूसभक्त योहान नावाचे, कार्मेलाइट या कॅथलिक संघातले संन्यासी होऊन गेले. सुधारणेच्या वादातून त्यांच्याच संघातल्या बंधूंनी त्यांना डिसेंबर १५७७ मध्ये पकडून तोलेदोच्या मठातल्या एका अरुंद कोठडीत डांबले आणि सुमारे नऊ महिने, म्हणजे ऑगस्ट १५७८ मध्ये ते निसटेपर्यंत, ते तिथेच होते. थंडी, भूक आणि अंधार यांतून तावून निघालेल्या या माणसाने प्रार्थनेतल्या कोरडेपणाची तीन लक्षणे सांगितली आहेत. देवाच्या गोष्टींत पूर्वीसारखी गोडी वाटत नाही, पण जगाच्या इतर गोष्टींतही वाटत नाही. आपण देवाची सेवा करण्यात कमी पडतो आहोत अशी काळजी मनाला लागून राहते. आणि पूर्वीप्रमाणे विचार व कल्पना करून चिंतन करू गेले तर ते जमत नाही. ही तिन्ही एकत्र दिसली तर तो कोरडेपणा आळसाचा नाही; देव माणसाला बोलण्याकडून पाहण्याकडे नेत आहे, असे ते म्हणतात. ज्याचे जीवन थंड पडले आहे तो रात्री बारा वाजता धुऱ्यावर बसून ‘ही प्रार्थना आहे का’ असे विचारत नाही. त्याला विचारावेसेच वाटत नाही.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे विचारतो, कारण योहान यांनीही कोरडेपणा आणि मनाचा आजार यांत फरक करायला सांगितले आहे. दादा, जेवण जाते का? दिवसाची लाइन असते त्या आठवड्यात रात्री झोप लागते का? जगणे नकोसे वाटते का? यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जा, प्रार्थना चालू ठेवा, पण डॉक्टरांकडे जाच. एलीयाला देवाने आधी जेवू घातले होते.

---

काटोल | १० डिसेंबर

फादर बोलले ते शेतीच्या भाषेत सांगतो. मीही संत्रावाला आहे. दादा, तुमची बाग ताणावर आहे म्हणता, म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल आणि इतर वाचकांसाठी थोडे उलगडून लिहितो. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात झाडाचे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. नवख्या माणसाला वाटते की बाग मेली. पण वाढ थांबल्यामुळेच झाड फुलण्याची तयारी करते. मध्येच दया येऊन पाणी सोडले किंवा अवकाळी पाऊस झाला, तर ताण मोडतो आणि फुलांऐवजी नुसती नवती फुटते. पानेच पाने.

म्हणून तुमच्या त्या ज्येष्ठ बंधूंच्या बोलण्याने घाबरून ओढूनताणून शब्द आणू नका. पण दुसरी बाजूही लक्षात ठेवा. रोगट, अशक्त झाडाला कोणताही जाणता शेतकरी ताण देत नाही, आणि ताण प्रमाणाबाहेर गेला तर फांद्या वाळून सल पडते. फादरांनी जेवणाझोपेचे विचारले ते याचसाठी.

---

वर्धेकर | १२ डिसेंबर

मी ख्रिस्ती नाही, परंतु हा धागा रोज वाचतो आहे. आमच्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सकाळची सामुदायिक ध्यानाची आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थनेची शिस्त गावोगावी पाळली जाते. सेवाग्रामला उघड्या आकाशाखाली सर्वधर्म प्रार्थना होते, तिथे मी हिवाळ्यात पुष्कळदा बसलो आहे. माझा प्रश्न जिज्ञासेचा आहे: तुमचे हे मौन आणि आमचे ध्यान यांत वेगळे काय?

---

निवृत्त शिक्षिका | १२ डिसेंबर

वर्धेकर, प्रश्नाबद्दल आभार. दुसऱ्याच्या ध्यानाचे माप घेण्याचा मला अधिकार नाही, म्हणून आमच्याच बाजूचे सांगते. स्तोत्र १३१ हे तीन वचनांचे लहानसे स्तोत्र आहे. त्यात स्तोत्रकर्ता म्हणतो की दूध तुटलेले बाळ आईजवळ असावे तसा माझा जीव माझ्याठायी शांत आहे. तान्हे बाळ आईजवळ जाते ते दुधासाठी. दूध तुटलेले बाळ जाते ते आईसाठी. ख्रिस्ती मौनाचा गाभा मला या एका उपमेत दिसतो. काही मागायचे उरले नाही तरी जवळ बसावेसे वाटते, आणि जिच्याजवळ बसतो ती व्यक्ती आहे, तिला आपले नाव ठाऊक आहे.

बाकी शेजारीपण जुने आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते स्वतः सांगत.

---

वचनावर उभा | १३ डिसेंबर

गेथशेमानेचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला. ‘रात्रपाळी’ ताईंचे उत्तर शास्त्रातून आहे, म्हणून ते मी स्वीकारतो. माझा आग्रह एवढाच उरतो की मौनाच्या आधी वचन असावे. पाळकीणबाई वचनापासून सुरुवात करतात, ते मला योग्य वाटते. नुसता श्वास आणि नुसती शांतता हे मी कोणाला शिकवणार नाही.

---

वसतिगृहातली अक्का (मेळघाट) | १५ डिसेंबर

मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाक करते. इथे डोंगरावर थंडी फार आणि पहाटे चारला उठावे लागते, तेव्हा बसून मौन करण्याची सवड मला कधीच मिळाली नाही. मिळते ती एवढीच: तव्यावर भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, की ते पाणी सुकून ती उलटण्याजोगी होईपर्यंत मी हात थांबवते आणि प्रभूकडे पाहते. पुढची भाकरी थापायला घेत नाही. सकाळी शंभराच्या वर भाकऱ्या होतात, त्यामुळे थांबेही तेवढेच होतात.

आमच्या सुपीरियर मदरनी मला फ्रान्समधल्या ब्रदर लॉरेन्सची गोष्ट सांगितली होती. तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकघरात काम करीत असे आणि १६९१ मध्ये वारला. अठरा वर्षांचा असताना त्याने हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड पाहिले. थोड्याच दिवसांत याला पाने येतील, मग फुले, मग फळे, असा विचार त्याच्या मनात आला आणि देवाच्या सामर्थ्याची अशी ओळख पटली की ती पुढे कधी पुसली गेली नाही. कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत त्याला फरक वाटत नसे.

मला मात्र ते झाड समजायला वेळ लागला. आमच्या रानात नाताळाला झाडे उघडी नसतात. सागाची आणि मोहाची पाने पुढे, ऊन तापू लागल्यावर गळतात.

---

धुऱ्यावरचा | २१ डिसेंबर

अक्का, ते झाड माझ्यासमोर आहे. ‘काटोल’ भाऊंचे उत्तर वाचल्यापासून मी शेकोटी जरा अलीकडे, बागेच्या बाजूला करतो. उजेड पडतो तेवढी पाच-सहा झाडे दिसतात. पाने दुमडलेली आहेत, बोटांनी दाबली तर चामड्यासारखी लागतात. पलीकडे हरभरा भिजतो आहे आणि अलीकडे बाग तहानलेली उभी आहे. मधल्या धुऱ्यावर मी.

फादर, तुमच्या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे देतो. जेवण होते. जगणे नकोसे वाटत नाही. झोप मात्र दिवसाची लाइन असतानाही नीट लागत नव्हती, म्हणून पत्नीच्या आग्रहावरून तालुक्याच्या डॉक्टरांना भेटून आलो. त्यांनी रक्त तपासले, औषध दिले, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले आहे.

पद्धत पाळकीणबाईंचीच ठेवली आहे. एक वचन, मग एक शब्द, मग काही नाही. श्वासाच्या हिशेबाने ‘रात्रपाळी’ ताईंचे वाक्यही करून पाहिले, पण माझे मन ‘प्रभू’ याच एका शब्दाकडे पुन्हा पुन्हा जाते, तेव्हा तोच ठेवला. चार-पाच रात्री नुसता राग येत होता, कशाचा ते कळत नव्हते. आई गेली त्या दिवशी मी बाजारात संत्र्याच्या व्यापाऱ्याशी भाव करीत होतो आणि फोन उचलला नाही. हे मी कोणाला बोललो नव्हतो; देवालाही शब्दांत सांगितले नव्हते. धुऱ्यावर बसलो असता ते आपोआप वर आले आणि तिथेच राहिले. मी ते ढकलले नाही.

---

आगमनकाळ | २१ डिसेंबर

दादा, तिथेच राहू द्या. त्याच्यावर काही बोलण्याची घाई करू नका. डॉक्टरांकडे गेलात हे फार चांगले केले.

---

ढोलकीवाला | २६ डिसेंबर

सर्वांना नाताळाच्या शुभेच्छा. शेवटच्या रात्री एका घरापुढे गाणे संपल्यावर मी पोरांना सांगितले की लगेच पुढे निघायचे नाही, दोन मिनिटे थांबायचे. ढोलकी खाली ठेवली. घरातली आजी खाटेवर होती, तिला बोलता येत नाही. दोन मिनिटे कोणी काही बोलले नाही. पाळकीणबाईंचे वचन १९ आणि २० मला त्या दोन मिनिटांत समजले. पुढच्या वर्षी प्रत्येक घरी थांबणार आहोत.

---

धुऱ्यावरचा | १८ जानेवारी

परवा ताण तोडला. साठ टक्के पाने मलूल झाली होती, काही गळून आळ्यात पडली होती. ‘काटोल’ भाऊंना फोटो पाठवले, त्यांनी होकार दिला. खत दिले आणि पहिले पाणी सोडले. कोरड्या काळ्या मातीत पाणी शिरताना भेगांतून बुडबुड्यांचा जो आवाज येतो, तो मी पूर्वी कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. या वेळी आळ्याजवळ बसून ऐकला. शब्द आले नाहीत, आणि त्यांची वाट पाहत होतो असेही नाही.

---

धुऱ्यावरचा | १ फेब्रुवारी

गेल्या बुधवारी प्रार्थनासभा आमच्या घरी होती. ते ज्येष्ठ बंधूही आले होते. प्रार्थना चालवण्याची वेळ आली तेव्हा मी सांगितले की मी एक वचन वाचीन आणि नंतर आपण सगळे थोडा वेळ गप्प बसू. स्तोत्र १३१ वाचले. सुरुवातीला खोकले, चुळबूळ, पेटीच्या भात्याचा सुस्कारा. मग शांतता झाली. मी घड्याळ पाहिले नाही. शेवटी ज्येष्ठ बंधूंनीच ‘आमेन’ म्हटले आणि जाताना माझा हात बराच वेळ धरून ठेवला. दोघेही काही बोललो नाही.

आईच्या जागेवर, चुलीजवळ, शेजारची मावशी बसली होती. सगळे उठले तरी तिचा पदर तसाच होता. मी चहा घेऊन गेलो तेव्हा तिने विचारले, ‘पुढच्या बुधवारी पण असंच बसायचं ना?’

बागेत अजून फुले नाहीत. फांद्यांवरचे डोळे मात्र फुगले आहेत.

---

काटोल | १ फेब्रुवारी

आठ-दहा दिवस द्या. आता पाणी बेताचेच ठेवा, एकदम भरपूर सोडू नका.